हाकेवरची शाळा

डहाणू-तलासरी भागातल्या शिक्षकांचा आमचा एक व्हॉट्सॲप गट होता, 'शब्दशुद्धी'. शहात्तर जण होते त्यात. बदल्यांचे अर्ज, शिबिरांच्या तारखा, सणांची चित्रं यांना तिथे मज्जाव. विषय एकच, शब्द. कुणाच्या निमंत्रणपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, एखाद्या शाळेच्या फळ्यावर चूक दिसली की तिचा फोटो यायचा आणि पुढचा तासभर तिच्यावर सगळे तुटून पडायचे. गट चालवायचे चिमण सर, डहाणूत राहणारे निवृत्त मुख्याध्यापक. मी तलासरीजवळच्या एका शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. मी फार बोलत नाही. पण गटात माझ्या शब्दाला वजन होतं, कारण कोश पाहिल्याशिवाय मी काही लिहीत नसे. 'निलम मॅडमनी सांगितलं, विषय संपला,' असं चिमण सर लिहायचे. मला ते आवडायचं.

२०१७च्या डिसेंबरात, एका बुधवारी मधल्या सुट्टीत, मनिषचा संदेश आला. मनिष म्हणजे सायवनच्या पुढे डोंगरात बोंडारपाडा आहे, तिथल्या शाळेचा एकमेव शिक्षक. गटात तो कधी लिहीत नसे. त्यानं लिहिलं होतं:

'आमची शाळा बंद होनाऱ्या यादित आली आहे. पूढची शाळा हाकेच्या अंतरावर असे लीहीले आहे. ज्यानी लीहीले त्यानी एकदा येऊन मूलांसोबत चालुन दाखवावे. नऊ मूले आहेत.'

दहापेक्षा कमी मुलं आणि एक किलोमीटरच्या आत दुसरी शाळा, अशा शाळा त्या दुसऱ्या शाळेत मिसळायच्या, असं त्या वर्षी चाललं होतं. यादी सगळ्यांच्या फोनवर फिरत होती.

पहिलं उत्तर दोन मिनिटांत आलं. 'लिहिले. दोन्ही ऱ्हस्व.'

'होणाऱ्या. यादीत. पुढची. मुलांसोबत. चालून.'

'पाच ओळींत इतक्या चुका, आणि हे गुरुजी. मुलांचं कल्याण होवो.'

'सर, तुमची शाळा शुद्धलेखनासाठी बंद होत असेल तर माझी हरकत नाही.' खाली हसणारे सात चेहरे.

मग गाडी शब्दांवरून अर्थावर गेली. 'हाकेच्या अंतरावर हा वाक्प्रचार आहे, मनिष सर. तो शब्दशः घ्यायचा नसतो. अगदी जवळ, एवढाच अर्थ.'

'एवढाच कसा? हाक ऐकू येईल इतकं जवळ. शब्दशःच आहे.'

'आमच्या बोईसरला हाकेच्या अंतरावर म्हणजे रिक्षा करावी लागते.'

'हाकेच्या अंतरावर बरोबर की हाकेच्या टप्प्यात? निलम मॅडम, निकाल द्या.'

निलम मॅडम, निकाल द्या, असं आणखी दोघांनी लिहिलं. मी फोन पालथा ठेवला. डबा तसाच बंद केला. पुन्हा फोन पाहिला तेव्हा खाली बारीक अक्षरात ओळ होती, मनिष यांनी गट सोडला.

यादीतला तो शेरा मी लिहिला होता.

त्याच वर्षी जानेवारीत शाळांच्या माहितीच्या सर्वेक्षणाचं काम माझ्याकडे आलं होतं. अकरा पाडे. प्रत्येक ठिकाणी फोनवर एक तक्ता भरायचा. त्यात एक रकाना होता, जवळच्या शाळेचं अंतर. बोंडारपाड्याला गेले तेव्हा मनिष पुस्तकं आणायला गेला होता. अंगणात धाकल्या नावाचा म्हातारा दोर वळत बसला होता. मी विचारलं, पुढची शाळा किती लांब? तो म्हणाला, 'हाकेवर.' समोर खोल घळ, घळीपलीकडच्या टेपावर, म्हणजे टेकाडावर, टेपाचा पाडा, आणि तिथल्या शाळेचे पत्रे उन्हात चमकत होते. फोनवरचा नकाशा सांगत होता, सहाशे मीटर.

एका उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही, अशी माझी सवय. पलीकडे एक माणूस लाकूड फोडत होता. कुऱ्हाड पडताना दिसे आणि आवाज मागून येई. मी घड्याळ लावलं. पाच वेळा मोजलं, सरासरी काढली. पावणेदोन सेकंद. ध्वनीचा वेग धरला तर सहाशे मीटर. म्हातारा, नकाशा, कुऱ्हाड. तीन वेगळी निरीक्षणं आणि उत्तर एक. मी ०.६ लिहिलं, आणि शेऱ्याच्या जागी, तेवढीच मराठी लिहायची मोकळीक होती म्हणून, 'टेपाचा पाडा येथील शाळा हाकेच्या अंतरावर' असं लिहिलं. शुद्ध लिहिलं. परतताना मी खूश होते.

शाळा सुटल्यावर मनिषला फोन केला.

'मनिष सर, निलम बोलतेय. तलासरीहून.'

'बोला मॅडम. अजून काही राहिलं काय दुरुस्त करायचं?'

'तो शेरा माझा आहे.'

त्याच्या मागे मुलांचा गलका होता. मग म्हणाला, 'तुम्ही आला होतात तेव्हा नाल्यापर्यंत गेला होतात?'

'नाही.'

'मग या एकदा. हरकत घ्यायला येता सोमवार सोडून त्याच्या पुढच्या सोमवारपर्यंत मुदत आहे. आज बुधवार. बारा दिवस.'

शनिवारी सकाळची शाळा करून स्कूटीनं निघाले. विवळवेढ्यावरून, चारोटी, कासा, सायवन. सायवनच्या पुढे जिथे डांबर संपतं तिथे गाडी ठेवली आणि चढले. पिशवीत शाळेच्या खेळाच्या पेटीतली तीस मीटरची फीत होती, लांब उडी मोजायची.

धाकल्या त्याच जागी बसला होता. शेजारी त्याची सून, नाव सुकी, सुपात नागली पाखडत होती.

'ही तूच ना,' धाकल्या म्हणाला, 'फोनवाली बाय?'

'मीच. बाबा, तुम्ही मला सांगितलं होतं, शाळा हाकेवर आहे.'

'हाय ना. खोटं बोललो काय?' तो उठला, अंगणाच्या कडेला गेला आणि तोंडाशी दोन्ही हात धरून एक लांब कुकारा घातला. घळीपलीकडून तसाच आवाज परत आला. 'तो शुक्रा. माझा साडू. रोज सकाळी बोलतो त्याच्याशी. बैल कसा हाय, बायको कशी हाय.'

'आणि भेटता कधी?'

'भेटलो ना. दिवाळीला.'

मी खाली बसले. 'चालत किती लांब आहे?'

'चालत दोन भात,' सुकी सूप न थांबवता म्हणाली. माझा चेहरा पाहून तिला सांगावं लागलं. 'भात चुलीवर चढवला, शिजला, उतरवला, की एक. तसे दोन. पावसात तीन. नाला भरला तर भात मोजायचाच नाय. बसून राहायचं.'

'मग बाबा, तेव्हा का नाही सांगितलंत?'

'तू बोलली, साळा किती लांब. चालायचं इचारलंच नाय. फोनात बघत होती.'

त्या पाड्यात अंतर दोन परींनी सांगतात. माणूस कुठे आहे ते हाकेनं आणि वाट किती आहे ते भातानं. दोन्ही त्यांच्या लेखी इतकी वेगळी की एकाबद्दल विचारलं तर दुसरं सांगायचं कुणाला सुचतही नाही. शिकलेला माणूस अंतर विचारतो म्हणजे त्याला चालायचंच असेल, असं तरी त्यांनी का धरावं? मी तर उन्हात उभी राहून कुऱ्हाडीचे आवाज मोजत होते.

'यादीत ते मीच लिहिलं,' मी म्हणाले. 'माझ्या लिहिण्यानं शाळा बंद होतेय.'

सुकीचं सूप थांबलं. दारात तिची मुलगी रोशनी उभी होती, तिसरीतली, हातात पाटी. सुकीनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

'साळा तिकडं गेली तर मी हिला नाय पाठवणार,' ती म्हणाली. 'सरांना बोलले मी. मागच्या साली तुक्याचा बैल गेला नाल्यात. चांगला मोठा बैल. ही केवढी हाय? घरी ऱ्हाईल, शेळ्या राखील.' तिनं नागलीतला एक खडा काढून लांब फेकला. 'तू लिवलं ना? मग तूच खोड.'

फितीचं एक टोक मी तिच्या हातात दिलं.

शाळेच्या पायरीपासून आम्ही सुरुवात केली. सुकी पुढे, मी मागे. दर तीस मीटरला ती थांबायची, मी तिच्यापाशी पोहोचायची आणि ती पदराच्या एका गाठीतला चिंचोका काढून दुसऱ्या गाठीत टाकायची. मी वहीत रेघ मारत होते. माझी मोजणी आणि तिची दोनदा चुकली. दोन्ही वेळा तिची बरोबर होती. घळीच्या काठानं वाट उलट्या दिशेनं जात होती. पुढच्या शाळेकडे जायचं तर आधी तिच्याकडे पाठ करून पावणेदोन किलोमीटर वर चालायचं, तिथे नाल्यात उतरायला जागा आहे, सहा मोठे धोंडे आहेत, त्यांवरून पलीकडे जायचं, आणि मग तेवढंच परत खाली यायचं. चालताना डावीकडे पत्रे सारखे दिसत होते. नुसते दिसत होते.

टेपाच्या पाड्याच्या शाळेच्या पायरीला फीत टेकवली तेव्हा अंधारायला आलं होतं. सुकीनं पायरीवर चिंचोके ओतले आणि दहा-दहाचे ढीग केले. एकशे अठरा फिती आणि वर चौदा मीटर. तीन हजार पाचशे चोपन्न मीटर. रात्री शुक्राकडे राहिलो.

सोमवारी अर्ज घेऊन कार्यालयात गेले. तिथल्या लिपिकानं माझी वही चाळली, मग माझ्याकडे पाहिलं.

'मॅडम, हे तुम्ही मोजलंत. आधीचंही तुम्हीच मोजलंत. आम्ही कोणतं खरं धरायचं?'

प्रश्न योग्य होता. मी तसं म्हटलं.

'पंचनामा आणा. पाड्याबाहेरचे दोन शिकलेले साक्षीदार, स्वतः चाललेले. आणि ज्यानं नोंद भरली त्याची लेखी कबुली.' त्यानं आवाज खाली आणला. 'कबुलीत तांत्रिक चूक लिहा. सगळे तेच लिहितात. नाहीतर खुलासा मागतील, तुमच्या फायलीला लागेल.'

संध्याकाळी गटात लिहायला बसले. नेहमी मी चार ओळी लिहायला पाच मिनिटं घेते. त्या दिवशी पाऊण तास लागला.

'बोंडारपाड्याच्या शाळेबद्दलचा शेरा मी लिहिला आहे. सरळ रेषेतलं अंतर सहाशे मीटर आहे. चालायची वाट साडेतीन किलोमीटर आहे, मध्ये नाला आहे. मी वाट न पाहता लिहिलं. बुधवारी आपण मनिष सरांच्या चुका काढत होतो तेव्हा मला हे माहीत होतं आणि मी गप्प बसले. दोन साक्षीदार हवे आहेत. रविवारी चालून पाहतील आणि जे दिसेल त्यावरच सही करतील असे.'

'मॅडम, तुम्ही??'

'आम्ही त्या बिचाऱ्याला इतकं बोललो, आणि तुम्ही नुसत्या वाचत होतात?'

'सरकारी कागदात वाक्प्रचार कोण लिहितं? विज्ञानाच्या ना तुम्ही?'

'आता निकाल कोण देणार?' खाली हसणारे चेहरे. मोजले नाहीत.

माझ्याच शाळेतल्या संगीतानं लिहिलं, 'मी येते. डबा कोण आणणार ते सांगा.' दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला चिमण सरांचा संदेश आला: 'रविवारी किती वाजता निघायचे? माझे गुडघे दुखतात, म्हणून लवकर निघू.'

ते आले. सहासष्ट वर्षांचे, पांढरे कपडे, हातात काठी, खिशात लाल पेन. चढ चढून बोंडारपाड्याच्या शाळेत पोहोचल्यावर आधी फळ्याकडे गेले, सुविचारातला एक उकार पुसून नीट केला, आणि मग मनिषला नमस्कार केला. मनिषनंही केला. दोघंही बुधवारबद्दल बोलले नाहीत.

धाकल्यानं कुकारा घातला, पलीकडून शुक्रानं उत्तर दिलं. चिमण सरांचा चेहरा उजळला.

'अहो, हे तर खरोखरच हाकेच्या अंतरावर आहे! शब्दशः!'

'सर,' संगीता म्हणाली, 'तुम्ही सही कोणत्या बाजूनं करणार आहात?'

'जे दिसेल त्या बाजूनं.' त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं. 'चला.'

रोशनी आणि आणखी दोन मुली पुढे, मागे सुकी, मग आम्ही. पहिला अर्धा तास सर बोलत होते. वाक्प्रचार कसे तयार होतात, कोणते आता मरत चाललेत. मग चढ लागला आणि बोलणं थांबलं. नाल्यापाशी ते एका धोंड्यावर बसले. डिसेंबर होता, पाणी घोट्याएवढं होतं.

'हे तर ओलांडता येतं,' ते मला हळूच म्हणाले. 'मला खोटं लिहिता येणार नाही, मॅडम.'

सुकीनं ते ऐकलं. तिनं काठावरच्या करंजाच्या झाडाकडे बोट केलं. फांदीच्या बेचक्यात वाळका कचरा अडकला होता, गवत, काटक्या, एका फाटक्या गोणपाटाचा तुकडा. सर उठले, झाडाखाली गेले आणि काठी वर केली. काठी तिथवर पोहोचली नाही.

'हे इथे कुणी ठेवलं?'

'पान्यानं,' सुकी म्हणाली.

त्यांनी माझी फीत मागून घेतली. संगीताला धोंड्यावर चढवून स्वतः मोजलं आणि स्वतःच्या डायरीत लिहिलं. पुढची वाट ते न थांबता चालले. मध्येच एकदा म्हणाले, 'या पोरी हे रोज दोनदा चालणार होत्या?' मी हो म्हटलं.

टेपाच्या पाड्याच्या शाळेपाशी पोहोचलो तेव्हा एक तास बारा मिनिटं झाली होती. ठरलं असं होतं की पोहोचल्यावर इथून हाक द्यायची, पलीकडे मनिष त्याच्या घड्याळात वेळ लिहील. म्हणजे वेळेलाही दोन बाजूंचा पुरावा. शुक्रा शेतावर गेला होता. सुकी पुढे झाली, तर चिमण सर म्हणाले, 'तुम्ही नको, बाई. नोंद ज्यांची, हाक त्यांनी द्यावी.'

मी घळीच्या काठावर उभी राहिले. वर्गातही मी आवाज चढवत नाही; मुलं शांत होईपर्यंत फळ्यापाशी थांबते. पहिली हाक मलाच जेमतेम ऐकू आली. दुसरीला खोकला आला. संगीता हसली, मग पाण्याची बाटली पुढे केली.

'बाय, गळ्यातून नको,' रोशनी म्हणाली. 'पोटातून काढ.' आणि तिनं स्वतःच्या पोटावर मूठ ठेवून दाखवलं.

मी पोटावर मूठ ठेवली, पलीकडच्या पत्र्याकडे पाहिलं आणि ओरडले. शब्द नव्हता त्यात, नुसता आवाज. तो गेला, आणि थोड्या वेळानं पलीकडून धाकल्याचा कुकारा आला.

चिमण सर शाळेच्या पायरीवर बसून गुडघे चोळत होते. त्यांनी पंचनाम्याचा कागद मागितला, लाल पेन उघडलं, आणि माझ्या लिहिण्यात दोन जागी खुणा केल्या. 'हे पान पुन्हा लिहा. चुकीच्या कागदावर मी सही करत नाही.' मी पायरीवर बसून पान पुन्हा लिहिलं. त्यांनी वाचलं, सही केली, खाली तारीख घातली. मग घळीपलीकडे पाहिलं. 'गाडी तिकडे आहे, नाही का?'

'दोन भात, सर,' संगीता म्हणाली.

सोमवारी साडेदहाला लिपिकासमोर कबुली ठेवली. चुकीचं कारण या रकान्यात मी लिहिलं होतं: 'अंतर बरोबर मोजले. वाट पाहिली नाही. रहिवाशांना चालण्याबद्दल विचारले नाही.'

'मॅडम, तांत्रिक लिहा म्हटलं होतं.'

'तांत्रिक नव्हती.'

त्यानं खांदे उडवले आणि शिक्का मारला. खुलासा मागितला गेला, फायलीला लागला. फेब्रुवारीत सुधारित यादी आली. मी ती तीनदा वाचली. बोंडारपाडा त्यात नव्हता.

मनिषला गटात परत घ्यावं असं चिमण सरांनी सुचवलं, आणि त्यांनी स्वतः फोनही केला. मनिष नम्रपणे म्हणाला, 'नको सर, इथे रेंज नसते.' मला फोन केला तेव्हा त्याच जागेवरून तो अर्धा तास बोलला. रोशनी चौथीत जाणार म्हणून वजनमापांचा धडा तिला आतापासून वाचायचाय, मग तराजू कुठे मिळेल, असं विचारत होता. आमच्या प्रयोगशाळेतला जुना पाठवून दिला.

पुढच्या जानेवारीत सर्वेक्षणाचं काम पुन्हा आलं. मी नाही म्हणू शकले असते. तलासरीच्या बाजूचे नऊ पाडे घेतले. पहिल्याच पाड्यात जिवली नावाची म्हातारी दारात बसली होती, समोर ओढा, पलीकडे शाळेची भिंत.

'आजी, शाळा किती लांब आहे?'

'ती काय, समोर. हाकेवर.'

'आणि भातानं?'

ती डोळे बारीक करून माझ्याकडे पाहत राहिली, मग तोंडाला पदर लावून हसली. 'तुला गं कुणी सांगितलं?'

मी फोन पिशवीत टाकला आणि फीत बाहेर काढली. 'दुसरं टोक कोण धरतंय?'